तेरावं वर्ष

लेकीची बारावी झाली तेव्हा भिलाईच्या सेक्टर ६ मधल्या आमच्या क्वार्टरमधून आठवडाभर पेढे वाटणं चाललं होतं. तिला जर्मनीत जाऊन धातुशास्त्र शिकायचं होतं. सुट्टीभर तिचं तेच बोलणं, आणि तेही हिंदीत. इंग्लंडमध्ये शाळेची शेवटची दोन वर्षं तीन-चारच विषय असतात, अमेरिकेत मार्कांसोबत स्वतःवर निबंध मागतात. मला नवल वाटायचं. आमच्याकडे मार्क सांगितले की पोराबद्दल दुसरं काही कोणी विचारत नसे.

मग एका दुपारी जर्मनीतल्या विद्यापीठाचं उत्तर आलं. नुसत्या आपल्या बारावीवर तिथे थेट प्रवेश नाही. इथल्या कॉलेजात एक वर्ष पास करून या. तिकडे बऱ्याच ठिकाणी शाळाच तेरा वर्षांची. "मतलब मेरी बारहवीं अधूरी है," एवढं बोलून ती ताटावरून उठली.

माझे बाबा आमच्याकडेच असतात. इथल्या स्टील प्लांटमधून रिटायर झालेले, मुळातच कमी बोलणारे. ते तिच्यामागे अंगणात गेले. मी दारात थांबले.

"मले बी असंच थांबवलं होतं, माय," ते म्हणाले.

त्यांची मॅट्रिक भंडाऱ्याची, तेव्हा ती अकरावीला असे. बी.एस्सी.च्या आधी कॉलेजात एक वर्ष काढावं लागे. ते त्यांनी काढलं, पण तेवढ्यात त्यांचे वडील वारले आणि बाबा भिलाईला नोकरीवर आले. ते कधी कॉलेजात गेले होते, हेच मला माहीत नव्हतं.

"तेवढं एकच वर्ष भेटलं मले. लय चांगलं गेलं. तू कायले रडून राहिली?"

लेकीने दुर्गच्या कॉलेजात नाव घातलं. दुपारी परतली की आबाजींना, म्हणजे माझ्या बाबांना, समोर बसवून जर्मनचा धडा मोठ्याने वाचायची. शब्दाचा अर्थ ती हिंदीत सांगायची, ते मराठीत. कधी दोघंही अडत आणि हसत बसत. हिवाळा सरेपर्यंत ती त्यांच्याशी मराठीतच बोलायला लागली, अगदी त्यांच्यासारखं 'मले-तुले' करत. मी तिच्या लहानपणापासून मागे लागून थकले होते.

पुढच्या वर्षी ती गेली. तिकडे थंडी सुरू झाल्यावर एकदा तिने बाबांनाच फोन लावला.

"आबाजी, इथं बरफ पडून राहिला."

 बाबांनी विचारलं, "पायात मोजे घातले का, माय?"