गाडी बोलत नाही

आमच्या बाबांच्या लेखी गाडी कधी ‘चालू’ होत नसे, ती ‘बोलायची’. परळच्या एका गॅरेजात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. इंजिन सुरू करायला लावायचे, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, “बोलली.” काय बिघडलंय ते त्यानंतर सांगायचे.

गेल्या वर्षी मालकाने त्यांना घरी बसवलं. त्यांनी दुरुस्त केलेल्या गाड्या तोच आवाज घेऊन परत येत होत्या. बाबांचे कान गेले हे आम्हाला सगळ्यांना कळलं होतं, फक्त बाबांना मान्य नव्हतं. “आताच्यो गाड्यो पुटपुटतत, मी काय करू?” कानाचं मशीन आणूया म्हटलं की रुसून बसायचे आणि जेवायला हाका माराव्या लागायच्या. तशा त्या एरवीही माराव्याच लागायच्या म्हणा. दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचे. मला ते बघवायचं नाही. जिवंत माणसाला आपण रोज थोडं थोडं पोचवून येतोय असं वाटायचं.

मी ड्रायव्हर. वरळीच्या टॉवरमधल्या एका शेठची गाडी चालवतो. दसऱ्याच्या आधी शेठनी हायब्रिड स्पोर्ट्स कार घेतली. पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्ही एकाच गाडीत. शेठ मला इतक्या कौतुकाने समजावायचे, जसा काही मीच गिऱ्हाईक होतो. ब्रेक दाबला की वाया जाणारा जोर बॅटरीत परत जातो. सिग्नल सुटला की मोटर आधी ढकलते, मग इंजिन येऊन मिळतं. “पुढे सगळ्या स्पोर्ट्स कार अशाच होणार,” ते म्हणायचे. खोटं नव्हतं ते. सी-फेसला रस्ता मोकळा असला आणि पाय जरा टेकवला, तर पाठ सीटला चिकटायची. आणि टॉवरच्या गेटमधून बॅटरीवर निघाली की वॉचमनलासुद्धा पत्ता लागायचा नाही.

घरी हे हातवारे करून सांगितलं तर बाबा म्हणाले, “दोन दोन इंजिना? भांडतली मगे.” आणि हसले. किती महिन्यांनी हसले होते. तेव्हाच माझ्या मनाने घेतलं, ही गाडी बाबांना ऐकवायची. एवढं दांडगं इंजिन, ते तरी ऐकू येईलच की. एकदा ‘बोलली’ म्हणाले की माणूस उठून उभा राहील, असं मला खरंच वाटत होतं.

दसऱ्याला शेठनी दादरहून गाडीला हार घालून आणायला पाठवलं. परतताना मी लालबागला आमच्या चाळीकडे वळलो. बाबा चाळीतून खाली आले ते खंडेनवमीला पूजलेला स्क्रूड्रायव्हर घेऊनच. मुठीवर अजून हळद-कुंकू होतं. तडक पुढे गेले आणि बॉनेट उघडायला लावलं. आत शेठची बॅग.

“इंजिन खंय गेला?”

जमलेले शेजारी हसले. मी त्यांना मागे नेलं, इंजिनावरचं झाकण उघडून दिलं आणि सीटवर येऊन बटण दाबलं. गाडी चालू झाली, पण बॅटरीवर. म्हणजे चकार शब्द नाही. बाबांनी टोक टेकवलं, डोळे मिटले, तसेच उभे राहिले.

“बंद पडली वाटतं,” खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले. “धक्का मारूया काय रे?” आणि बाह्या सरसावून पुढे झालेही.

बाबांचा चेहरा पडला होता. “बोलना नाय रे,” ते म्हणाले. “माझे कान गेले काय?”

हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं. मी धावत जाऊन त्यांना माझे ओठ दिसतील असा समोर उभा राहिलो आणि हातवारे करत ओरडलो, “कान नाही हो बाबा, गाडीच गप्प आहे! बॅटरीवर आहे आत्ता. थांबा, इंजिन लावतो!”

त्यांचा जीव भांड्यात पडला. “असा होय,” म्हणत त्यांनी पुन्हा टोक टेकवलं. या खेपेला हसत.

मी स्पोर्टचं बटण दाबलं. इंजिन असं गरजलं की काका दचकून मागे सरले, गॅलरीतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. मी आरशात बाबांकडे बघत होतो. त्यांनी डोळे उघडले. स्क्रूड्रायव्हर दुसऱ्या कानाला लावून बघितला. मग काढून हातातच धरला आणि हाताकडे बघत राहिले.

मी खाली उतरलो.

“थरथरता,” ते म्हणाले. “चालू केलंस?”

“नाही बाबा,” मी जोरात मान हलवली. “अजून बॅटरीवरच आहे.”

काकांनी मान फिरवली. बाबांनी एकदा कान झाकलेल्या बायकांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग खांद्यावरच्या पंच्याने स्क्रूड्रायव्हरचं हळद-कुंकू पुसलं आणि तो माझ्या हातात दिला.

“बरी गाडी हा,” म्हणाले. “ह्यो ठेव तुझ्याकडे. माका आता नको.”