मास्तरांची मांजरी

बायको गेली त्याला वर्ष झालं आणि मास्तरांना घर खायला उठलं. मास्तर म्हणजे शिंपी. खोली एकच, अर्धी शिलाई मशीनने अडवलेली, उरलेल्या अर्धीत ते स्वतः. गिऱ्हाइकं यायची, माप द्यायची, निघून जायची. त्यानंतर बोलायला चिटपाखरू नसायचं. मशीनशी गप्पा मारल्या तर लोक वेड्यात काढतील, म्हणून त्यांनी मांजर आणायचं ठरवलं.

भटक्या जनावरांच्या निवाऱ्यात पाच महिन्यांची एक करडी मांजरी होती. एक कान फाटका, आवाज मात्र खणखणीत. मास्तर पिंजऱ्यापाशी बसले की ती जाळीतून पंजा काढून त्यांची बाही धरून ठेवायची. वर्षभरात इतक्या हक्काने त्यांना कुणी धरलं नव्हतं. जीव अडकला तो अडकलाच.

पण तिथल्या बाई कडक. "काका, शिंप्याच्या घरात मांजर द्यायची मला भीती वाटते. दोरा दिसला की खेळतात आणि गिळतात. मग आतडी फाटतात. घर बघितल्याशिवाय देणार नाही."

"बघा की. कधीही या," मास्तर म्हणाले.

घरी येऊन त्यांनी कंबर कसली. रिळं डब्यात, डबे कपाटात, कपाटाला कुलूप. फरशीच्या फटींवरून लोहचुंबक फिरवून चाळीस वर्षांच्या टाचण्या वेचल्या. बाई आल्या, मशीनखाली वाकून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "माझं घरसुद्धा एवढं स्वच्छ नसतं. सोमवारी घेऊन जा."

सोमवारी एका पँटचा हूक लावून मास्तर घाईघाईने टोपली घेऊन निघाले. कागदावर सही झाली. मांजरी मांडीवरून छातीवर चढली आणि कॉलरशी झोंबू लागली. मास्तर डोळे मिटून बसले होते. सुखात माणूस गाफील होतो, त्याला इलाज नाही.

बाईंनी एकदम झेप घेतली. मांजरीचा जबडा उघडून त्यांनी जिभेवर आडवी पडलेली सुई काढली. मागोमाग वीतभर काळा दोरा आला, ओला.

काम संपलं की सुई कॉलरला टोचायची, ही मास्तरांच्या हाताची सवय. डोक्याला त्याची खबरही नसते. बायको होती तेव्हा ते बाहेर निघाले की ती दारात थांबवून कॉलरची सुई काढून घ्यायची.

मांजरीला काही झालं नव्हतं. बाईंनी सुई कागदात गुंडाळून ठेवली. मग त्या म्हणाल्या, "चुकून झालं, काका. यापुढे लक्ष ठेवणार असाल तर न्या. मी नाही म्हणत नाही."

मास्तरांनी शर्टात रुतलेली तिची नखं एकेक करून सोडवली आणि तिला बाईंच्या हातात दिलं.

"घर सगळं झाडलं हो मी," ते म्हणाले. "पण माझी कॉलर बघणारं आता घरात कुणी नाही."