हार घातलेली गाडी आणि नाईक किसन सोनकांबळे

दुष्काळी कामासाठी आमची तुकडी अहमदपूरजवळ उतरली, तेव्हा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. जिल्हा नवा, कचेऱ्यांवरच्या पाट्या नव्या, विहिरी मात्र कोरड्याठाक. मी क्राफ्ट्समन होतो, म्हणजे फौजेतला गाड्यांचा मेकॅनिक. सकाळी पी.टी., मग टँकरची तपासणी, मग गावोगाव पाणी. वेळ उरला की विहिरींतला गाळ काढायचा. सेक्शनचा कमांडर नाईक किसन सोनकांबळे. मुरुडकडच्या एका वाडीतला. आम्ही त्याला किसनदादा म्हणायचो.

त्या दिवशी विहिरीचा काठ ढासळला आणि किसनदादा आत पडला. वर काढला तेव्हा शुद्धीत होता, पाठ मोडली होती. नर्सिंग असिस्टंटनं पोट दाबून पाहिलं.

"आतून रक्त जायलंय. लातूरला न्या. आत्ता."

स्ट्रेचर जीपमध्ये बांधलं आणि निघालो. वाटेत एक अरुंद पूल लागतो. पुलाच्या मधोमध मोटार उभी. निजामाच्या काळातली, काळी कुळकुळीत, झेंडूच्या हारांनी मढवलेली. नव्या जिल्ह्याच्या सोहळ्याला एक पुढारी तिच्यातून मिरवत चालले होते. इंजिन बंद पडलेलं. पुढारी आत घाम पुसत बसलेले, आणि बाहेर पाच-सहा चमचे बॉनेटमध्ये माना घालून. त्यातल्या एकालाही प्लग आणि पंप यातला फरक ठाऊक नव्हता. सल्ले मात्र सगळे देत होते.

"पेशंट आहे. गाडी ढकला," मी म्हणालो.

सफारी सूटातला त्यांचा पी.ए. पुढं आला. "ढकलायची? हाराची गाडी हाय ही, जवान. पहिल्याच दिवशी ढकलत नेली तर लोक म्हणतील, जिल्हाच ढकलत चाललाय."

पुढाऱ्यांबरोबरच्या पोलीस हवालदारानं हात आडवा धरला. नदी कोरडी होती, पण पात्रात उतरायचा उतार मोडलेल्या पाठीला झेपला नसता. मी वायरलेसवर सुभेदार साहेबांना गाठलं.

"सिव्हिल से उलझना नहीं. गाडी चालू करो, निकलो. ओव्हर."

"रॉजर."

पुढाऱ्यांचा ड्रायव्हर चाँदभाई म्हातारा माणूस. "कायबी न्हाई झालं, फौजी. गर्मीनं पंप धरलाय. ओला फडका ठेवला की सुटतोय."

मराठवाड्यात उन्हाळ्यात पेट्रोलची गाडी बंद पडली की सगळे हेच करतात. पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते, फडक्यानं थंड केला की चालतो. बहुतेक वेळा खरंही असतं. पण फडका तीनदा वाळला होता आणि गाडी ढिम्म हलली नव्हती. तरी पी.ए.नं आमच्या जीपमधला पाण्याचा कॅन न विचारता उचलला आणि सगळा पंपावर ओतला. किसनदादाचे ओठ भिजवायचं पाणी होतं ते. तालुक्यात बायका घागरीमागं मैल मैल चालत होत्या, आणि हा शहाणा पंपाला अंघोळ घालत होता.

"संपलं का पाणी?" किसनदादानं आतून विचारलं. "ऱ्हाऊ दे. सोहळ्याचं आवतन न्हाई मला, तरी माझ्यापायी उशीर व्हायलाय त्यांना."

मी कार्बोरेटरची नळी काढली आणि चाँदभाईला म्हणालो, "मार सेल्फ."

पेट्रोलचा थेंब नाही. टाकीकडच्या नळीत फुंकलं, टाकीत बुडबुडे वाजले. म्हणजे वाट मोकळी. मग ऑइल मोजायची डिपस्टिक ओढून हुंगली. ऑइलला पेट्रोलचा वास, पातळीही वर चढलेली. पंपातला पडदा फाटला होता. पेट्रोल कार्बोरेटरऐवजी इंजिनात उतरत होतं. त्यावर अख्खी नदी ओतली असती तरी पंप चालला नसता.

पंपाची नळी बूच मारून बंद केली. आमचा पेट्रोलचा डबा मोटारीच्या टपावर ठेवला, नळी थेट कार्बोरेटरला जोडली. डबा धरायला पी.ए.लाच वर चढवला. सफारीसकट. गाडी चालू झाली, पूल मोकळा झाला. चमच्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढाऱ्यांनी काच खाली केली. "शाब्बास! जय जवान!"

मी सॅल्यूट केला नाही. फौजेत असताना एवढी एकच बेशिस्त मी केली.

लातूर दिसायला लागलं तेव्हा किसनदादा बोलायचा थांबला होता. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी नाडी बघितली आणि मान हलवली. "अर्धा तास आधी आणला असता तर टेबलावर घेतला असता," म्हणाले. हाराच्या गाडीपायी पुलावर गेलेला वेळ त्याहून जास्त होता.

संध्याकाळी आम्ही त्याला वाडीत नेलं. अंगावर विहिरीचा गाळ तसाच. अंघोळ घालायला वाडीत पाणी नव्हतं. टँकर आला नव्हता. धूळ बसावी म्हणून तो सोहळ्याच्या मैदानावर शिंपडायला नेला होता.

किसनदादाची आई उंबऱ्यात बसली होती. रडत नव्हती. "असं चिखलानं माखलेलं कसं धाडू रे लेकराला?" एवढंच म्हणाली.

कुणी कुणाला सांगितलं नाही. आधी शेजारीण आली, मग तिच्यामागून दुसरी, मग वरच्या आळीतल्या बायकाही. प्रत्येकीच्या हातात एक तांब्या. रात्री पोरांना प्यायला झाकून ठेवलेलं पाणी. त्या पाण्यानं आम्ही नाईक किसन सोनकांबळेला धुतलं.