मोहाखाली डोळे मिटायचे नाहीत

लग्नात माणूस मोकळेपणी हसतो, म्हणून तिथले किस्से दुसऱ्या दिवशी विसरले जातात. प्रार्थनेत हसू दाबावं लागतं ना, म्हणून तिथले किस्से जन्मभर पोटात राहतात! माझ्या पोटात असे पुष्कळ आहेत. ऐका.

मी विसरवाडीकडच्या एका गावात मिशनची बायबलबाई होते. घरोघर जाऊन शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या, हे माझं काम. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. दर रविवारी दुपारी वीसेक तरुण पोरं-पोरी माझ्या ओट्यावर जमायची. त्याला आम्ही 'सभा' म्हणायचो. वाचायचं मराठीत, कारण पुस्तक मराठीत. बोलायचं आमच्या मावची बोलीत, कारण काळीज मावचीत!

आमचे पाळकसाहेब नगरकडचे. माणूस सरळ, कष्टाळू, तापातसुद्धा दहा मैल चालत येणारा. पण त्यांना वाटायचं, देवाला फक्त शुद्ध मराठी कळतं, आणि तेही प्रार्थनाघरातच. "बाई, ही सभा वळणावर आणा, नाहीतर मिशनच्या कमिटीला सांगून बंद करतो," असं ते दर महिन्याला ऐकवायचे.

सभा बंद झाली असती तर ही पोरं गेली कुठे असती? प्रार्थनाघरातलं मराठी त्यांतल्या चौघांना जेमतेम कळायचं. बाकीची मागे भिंतीला टेकून जांभया द्यायची. ओट्यावर मात्र तीच पोरं देवाशी भांडायची, हसायची, रडायची. मीही हट्टाला पेटले. म्हटलं, माझ्या जिवात जीव आहे तोवर बंद होऊ देणार नाही!

*

एकदा मी हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होते. शंभरातलं एक हरवलं, तर धनी नव्याण्णव रानात ठेवून त्या एकाला शोधायला गेला.

बाज्या ताडकन उठला. बाज्या म्हणजे मिसरूड फुटलेला गडी, गावाची गुरं राखणारा.

"बाई, नव्याण्णव रानात टाकून गेला? बिबट्याची दिवाळीच की!"

पोरं खो-खो हसली. पाळकसाहेब नेमके पाहणीला आलेले. म्हणाले, "शास्त्राला प्रश्न विचारायचे नसतात."

बाज्या खाली बसला, पण गप्प कसला बसतो! थोड्या वेळानं म्हणाला, "कळलं बाई! रानात गुराखी एकटा जातच नाही. त्यानं नव्याण्णव सोबत्यांच्या हवाली केली असणार."

"कोण रे सोबती?"

"आपण! दुसरं कोण?"

इतकी वर्षं मी ती गोष्ट सांगत होते, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. पाळकसाहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

*

सुकी ही सभेतली सगळ्यात हुशार पोरगी. मिशनच्या बोर्डिंगात चार इयत्ता शिकलेली, आणि जिभेला हाड नाही!

चैतात मोहाची फुलं पहाटेच वेचावी लागतात. पाळकसाहेब गावात मुक्कामाला होते. सकाळी फिरायला निघाले, तर सुकी मोहाखाली वाकून फुलं वेचतेय आणि वेचता वेचता मोठ्यानं प्रार्थना करतेय. आईच्या गुडघ्यासाठी, गाभण शेळीसाठी, सगळ्यांसाठी!

पाळकसाहेबांना राहवेना. "सुके, प्रार्थना डोळे मिटून करायची असते. एवढंही शिकवलं नाही का बाईंनी?"

सुकीनं मान वर केली नाही. "साहेब, मोहाखाली डोळे मिटले तर अस्वल येतं."

"देव राखील की!"

"त्यानंच डोळे दिलेत ना राखायला!"

त्या दिवशी पाळकसाहेब लवकर परतले. वाटेत चारदा मागे वळून पाहत होते म्हणे.

*

मिशनचा नियम होता, दर आठवड्याला एक वचन पाठ करायचं आणि बाईनं रजिस्टरात टिक करायची. त्या आठवड्याचं वचन शेजाऱ्यावर प्रीती करण्याचं होतं. सगळ्यांनी घडाघडा म्हणून दाखवलं. बाज्या उभा राहिला तो नुसताच.

"पाठ नाही झालं, बाई. शेजारच्या म्हातारीचं छप्पर उडालं होतं. चार दिवस गवत घालत होतो."

मी रजिस्टरात त्याच्या नावापुढे ठसठशीत टिक केली.

पुढच्या पाहणीत पाळकसाहेबांनी बाज्याला वचन विचारलं, आणि माझी चोरी उघडी पडली! "बाई, हे खोटं आहे. याला एक शब्द येत नाही!"

मी म्हटलं, "साहेब, त्याचं पाठांतर म्हातारीच्या छपरावर आहे. वर चढून बघा!"

राग आला होता मला, खोटं कशाला बोलू? टिक मी खोडली नाही.

*

एका हिवाळ्यात आमचे सात-आठ गडी कुपावर, म्हणजे तोडीसाठी ठेक्यानं दिलेल्या जंगलाच्या तुकड्यावर, लाकूडतोडीला गेले होते. ठेकेदाराचा मुकादम शहाद्याकडचा, अहिराणी बोलणारा, आवाज ढोलासारखा. रविवार उजाडला तशी पोरं साग सोडून गोल करून बसली.

मुकादम धावत आला. "काय करी ऱ्हायनात रे? लाकडं काय तुमना देव तोडी का?"

बाज्या म्हणाला, "आज उपासना. लाकडं उद्या."

मुकादमानं रागारागानं सगळ्यांच्या कुऱ्हाडी काढून घेतल्या.

"बरं झालं," बाज्या म्हणाला, "आज तशाही लागत नव्हत्या!"

आणि त्यानं गोष्ट सुरू केली. भावांनीच कोरड्या विहिरीत टाकलेल्या योसेफाची. मुकादम कुऱ्हाडींच्या ढिगावर पाठ फिरवून बसला. योसेफ विहिरीत पडला आणि बाज्यानं तिथंच गोष्ट थांबवून प्रार्थना केली. बाकीची पुढच्या रविवारी!

सोमवारी कुऱ्हाडी परत मिळाल्या. मंगळवारी मुकादम हळूच बाज्याजवळ आला. "भो, त्या विहिरमा पडेल पोऱ्यानं पुढे काय व्हयनं?"

"रविवारी या," बाज्या म्हणाला.

आणि रविवारी तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला!

*

आता शेवटचा किस्सा.

आमच्याकडे नवं पीक आलं की कोणी ते लगेच तोंडात घालत नाही. आधी देवाला, मग माणसाला. वाडवडिलांची रीत. सभेतल्या पोरांनी ठरवलं, आपण मक्याचं पहिलं कणीस प्रार्थनाघरात आणू, येशूपुढे ठेवू आणि मग खाऊ.

पाळकसाहेबांच्या कानावर गेलं, आणि झालं! "ही भक्ती नाही, जुन्या देवांचं भय आहे!" भादव्यातल्या रविवारी ते आले ते कमिटीची ऑर्डर खिशात घेऊनच. सभा बंद. मला तसं आदल्या दिवशीच कळवलं होतं. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी पोरं-पोरी हातात कणसं घेऊन प्रार्थनाघराच्या दारात रांगेत उभी. बाहेर विस्तवावर थोडी कणसं भाजत ठेवली होती, उपासनेनंतर खायला.

पाळकसाहेबांनी त्यातलं एक उचललं. "भिता कशाला? हे बघा!" असं म्हणून सगळ्यांसमोर अर्धं कणीस खाल्लं. "झालं का काही मला? पडली का वीज?"

मग त्यांनी खिशातून कागद काढला.

सुकी रांगेतून पुढे आली. ती आठवडाभर बायबलाच्या जुन्या करारात डोकं घालून बसली होती, एवढंच मला ठाऊक होतं. "साहेब, ऑर्डरच्या आधी आजचं वाचन होऊ द्या."

वाचनाला नाही कोण म्हणणार? पाळकसाहेबांनी मान हलवली.

सुकीनं लेवीयाचं पुस्तक काढलं आणि वाचलं. शुद्ध मराठीत, एकेक शब्द सुटा! देवानं मोशेला सांगितलेलं ते. नव्या पिकाची पहिली पेंढी माझ्यापुढे आणीपर्यंत भाकर खायची नाही, भाजलेले दाणे खायचे नाहीत, हिरवं कणीस खायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या.

वाचून झाल्यावर तिनं ओळीवर बोट ठेवलं आणि पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली.

मग सुकी अगदी हळू आवाजात म्हणाली, "साहेब, मिशीत दाणा अडकलाय."

पाळकसाहेबांनी मिशी पुसली. एका हातात ऑर्डर, दुसऱ्या हातात अर्धं कणीस. कागद घडी करून त्यांनी खिशात टाकला आणि उरलेलं कणीस घेऊन ते रांगेत सगळ्यात मागे, बाज्याच्या पाठीशी जाऊन उभे राहिले.