आक्काबरोबर सुरत खाताना

मागच्या हिवाळ्यात मी एक खोटं वाक्य छापून आणलं. जळगावच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी खाण्यापिण्यावर लिहितो. सुरतेतल्या मला आवडलेल्या खाण्याच्या ठिकाणांवर पानभर मजकूर लिहिला आणि शेवटाकडे म्हटलं, 'इतकं सगळं खाल्लं, पण आपल्या मातीच्या चवीचं म्हणावं असं सुरतेत काही मिळालं नाही.' हे वाक्य लिहिण्याच्या आधीच्याच आठवड्यात मी सुरतेच्याच बमरोली भागात माझ्या सख्ख्या बहिणीच्या खानावळीत दोन दिवस शेवभाजी आणि कळण्याची भाकरी चापून खाल्ली होती.

बहिणीची जाहिरात केली असं लोक म्हणतील, म्हणून तिचं नाव टाळलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. ते अर्धंच खरं. जळगावात मी सगळ्यांना सांगत आलोय, की आमच्या आक्काचं सुरतेत हॉटेल आहे. पत्ता छापला असता तर ओळखीची माणसं तिथे गेली असती आणि त्यांना पत्र्याचं छप्पर आणि बाकड्यांवरचं फाटलेलं मेणकापड दिसलं असतं. पण नाव टाळणं एक आणि 'काही मिळालं नाही' असं लिहिणं दुसरं. ते वाक्य मी लिहिलं, कारण तिथे ते छान वाटत होतं. परगावी गेलेल्या माणसाची हुरहूर वगैरे. संपादकांनी त्याच वाक्याचं कौतुक केलं.

आक्काचा फोन आला नाही. दिवाळीत 'गिऱ्हाईक फार आहे' असा निरोप आला आणि भाऊबीजेला ती पहिल्यांदाच माहेरी आली नाही. ताट, पाट, दिवा सगळं मांडून आमची आई दारात बसून राहिली. मला कारण ठाऊक होतं, आणि मी आईला सांगितलं की हल्ली गाड्यांना गर्दी असते.

म्हणून या पौषात पुन्हा सुरतेची गाडी धरली. नंदुरबारनंतर डब्यात अहिराणीत गुजराती मिसळायला लागते, आणि उधना येईपर्यंत चहावाल्याशी लोक तिसऱ्याच भाषेत, हिंदीत, बोलू लागतात. उधन्याला उतरून रिक्षा केली. बमरोलीच्या रस्त्याला लागलं की आधी आवाज येतो. यंत्रमागाच्या कारखान्याला इथे 'खातं' म्हणतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना खातीच खाती आणि त्यांचा खडखडाट दिवसरात्र चालू. आक्काची खानावळ अशाच एका खात्याला पाठ लावून उभी आहे. टेबलावर पाण्याचा पेला ठेवला की पाण्यावर बारीक वलयं उठत राहतात.

"उना का लेखक?" आक्का गल्ल्यावरून ओरडली. (आलास का लेखका?) इथे सगळेच ओरडून बोलतात. दाजींनी उमेदीची सगळी वर्षं मागावर काढली, त्यांचे कान कधीच गेले. आता ते आत चुलीपुढे बसून भाकऱ्या थापतात आणि ओठ बघून बोलणं ओळखतात.

मी वाकून पाया पडलो आणि खाली वाकलेलाच असताना म्हटलं, "आक्का, ते लेखाचं..."

"काय?"

"लेखाचं म्हणतोय मी."

"आधी पानी पी," ती म्हणाली. मग पदराला हात पुसत तिने तिची अट सांगितली. "जठे जठे तू खाधं, तठे माले लई चाल." (जिथे जिथे तू खाल्लंस, तिथे मला घेऊन चल.) "इतला वरीस सुरतमा काढात, पन स्वयंपाक सोडी कथी गयी नही. देखू तरी, तुले काय मिळनं ते." (इतकी वर्षं सुरतेत काढली, पण स्वयंपाक सोडून कुठे गेले नाही. बघू तरी, तुला काय मिळालं ते.)

दाजींनी चुलीपुढूनच हात हलवला. जा म्हणाले, मी बघतो. त्यांना बहुधा गंमत वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जुन्या शहरात लोचो खायला गेलो. ज्यांनी खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हरभऱ्याच्या डाळीचं आंबवलेलं पीठ वाफवायचं, पण खमणासारखं घट्ट होऊ द्यायचं नाही. वाफाळत्या थाळीतून तो ऐवज उलथन्याने खरवडून काढतात, वजन करतात, वर तेलाची धार, मसाला, बारीक शेव, कांदा आणि सोबत हिरवी पातळ चटणी. आक्का इतर गिऱ्हाइकांना ओलांडून थेट थाळीपाशी जाऊन उभी राहिली आणि दुकानदाराशी अस्सल सुरती गुजरातीत बोलू लागली. डाळ किती वेळ भिजवता, सोबत उडीद घालता का, शिळं उरलं तर काय करता?

"बेन, दुकान नाखवानुं छे के?" दुकानदार हसला. (बाई, दुकान टाकायचंय की काय?)

"छे ज," आक्का म्हणाली. (आहेच की.)

मग त्याने इथे सगळेच सांगतात ती गोष्ट सांगितली. कुणाचं तरी खमण बिघडलं, सैल झालं, फेकवेना म्हणून तसंच विकलं, आणि लोकांना तेच आवडलं. आक्काने माझ्याकडे पाहिलं. "देख," ती म्हणाली, "काही लोकेसनी चूक खपी जास." (काही लोकांची चूक खपून जाते.) तेवढ्यात माझ्या ताटलीतलं तेल शर्टावर सांडलं. ते पुसत बसलो.

तिला लोचो आवडला. मला वाटलं होतं ती नाक मुरडेल, पण तिने ताटली पुन्हा भरून घेतली आणि रिक्षात म्हणाली, "मऊ शे. तुझ्या दाजींना दात नाहीत, त्यांना जमंल." एक पुडा तिने बांधून घेतला होता.

कतारगामला आलूपुरी खाल्ली. हिऱ्याच्या कारखान्यांची सुट्टी झाली होती आणि गाडीभोवती डोळे चोळत उभी असलेली माणसं होती. दिवसभर भिंगातून बघणाऱ्यांना बाहेरचा उजेड बोचत असावा. तळहाताएवढ्या मऊ पुऱ्या, त्यांवर बटाटा आणि पांढऱ्या वाटाण्याचा पातळ रस्सा, कोकमाची आंबट चटणी, कांदा. आक्काने एक पुरी उचलून उजेडात धरली.

"याले पुरी म्हनतस? आमच्या गिऱ्हाईकाला अशी दिली तर ताट परत सरकवतील." शेजारचा हिरेकामगार ठसकला. तो धुळ्याकडचा निघाला. "आक्का, घरनी याद करी देऊ नका," तो म्हणाला. "आठे सगळं गोड शे, भाजीबी गोड." तिने त्याला लगेच बमरोलीचा रस्ता सांगितला, खात्याच्या खुणेसकट. मी रश्शाकडे बघत राहिलो. मी लिहिलं नाही, ते ती स्वतःच एकेका माणसाला सांगत होती.

संध्याकाळी तापीच्या काठी पोंक खायला गेलो. थंडीत इथे नदीकाठी पोंकचे मांडव लागतात. कोवळी ज्वारीची कणसं भट्टीत भाजून, कापडात झोडून हिरवे दाणे काढतात. सोबत लिंबू-मिऱ्याची शेव, लसणाची शेव, साखरेच्या गोळ्या आणि ताक.

"हा तर आपला हुरडा!" आक्का मोठ्याने म्हणाली.

"हुरडाच," मी म्हणालो. "पण शेवेबरोबर खाऊन बघ."

तिने खाल्ला. मग शेव माझ्याकडेही सरकवली. इथे मागांचा आवाज नव्हता. मी मनात म्हटलं, आता माफी मागून टाकावी. पण तीच आधी बोलली, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात. ती जे बोलली ते अहिराणीत होतं. इथे माझ्या शब्दांत देतो.

तिने गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं होतं, की माझा भाऊ पेपरात लिहितो, या वेळी आपली खानावळ येणार. तिच्याकडे खानदेशातली माणसं आहेत, तशी परभणी-बीडकडची आहेत, काही अकोल्याची. लेख आला त्या दुपारी परभणीच्या भानुदासने तो मोबाइलवर सगळ्यांना वाचून दाखवला. मागांच्या आवाजावर, ओरडून. एकेक दुकान येत गेलं. लोचो आला, आलूपुरी आली, वेसूचं नवं हॉटेल आलं. सगळे हात थांबवून ऐकत होते. आता मावशीचं, म्हणजे आक्काचं, येईल. मग ते वाक्य आलं.

"मनं नाव नही टाकं, त्यानं काही नही," आक्का म्हणाली. "लाजना व्हशी तू. माले समजस." (माझं नाव टाकलं नाहीस, त्याचं काही नाही. लाजला असशील. मला समजतं.) "पन काही मिळनंच नही, अशी लिखं? सगळ्यासनी परत भाजी मांगी. ज्यासले भूक नव्हती त्यासनीबी." (सगळ्यांनी पुन्हा भाजी मागितली. ज्यांना भूक नव्हती त्यांनीही.)

मी "आक्का, मी..." म्हणालो. तिने ताकाचा पेला माझ्या हातात दिला. "आठे नको. आठे कोन ऐकस?" (इथे नको. इथे कोण ऐकतं?) आणि उठली.

त्या रात्री दाजींनी लोचो चवीने खाल्ला आणि आणखी का आणला नाही म्हणून विचारलं. मी पत्र्याखाली अंथरुणावर पडून होतो. शेजारच्या खात्याची रात्रपाळी डोक्यात वाजत होती आणि 'आठे कोन ऐकस' याचा अर्थ मला हळूहळू कळत गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यादीतलं शेवटचं ठिकाण उरलं होतं, वेसूचं. गेल्या काही वर्षांत सुरतेच्या या भागात काचेच्या इमारती आणि काचेची हॉटेलं एकदमच उभी राहिली. थंडगार हवा, मंद दिवे, भिंतीवर मुद्दाम टांगलेली जाती आणि सुपं. आक्काने जात्याला हात लावून पाहिला. "फिरस नही," ती म्हणाली. तरी तिला ते हॉटेल मनापासून आवडलं. गादीच्या खुर्चीवर ती दोनदा बसून उठून पुन्हा बसली. वेटर मोबाइलवरचा मेनू दाखवू लागला, तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, तू मोढे बोल ने, शुं सारुं छे?" (तू तोंडानेच सांग ना, काय चांगलं आहे?) त्याने बाजरीचा रोटला आणि शेव-टमाटरची भाजी सांगितली. भाजी आली ती गोडसर, टोमॅटोची, वर शेव भिजून लगदा झालेली.

"शेव वाढताना टाकायची असते," मी म्हणालो.

"राहू दे. त्यांची त्यांची पद्धत आहे," आक्का म्हणाली आणि ताट स्वच्छ केलं. निघताना तिने मला तिचा फोटो काढायला लावला, मागे जातं येईल असा.

हे मी परतीच्या गाडीत लिहितोय. बाहेर कापसाची राखाडी शेतं जातायत. मला खाणं चांगलं लिहिता येतं असं लोक म्हणतात. मी लिहितो तेव्हा चव आठवायच्या आधी वाक्य आठवतं, आणि एखादं वाक्य जमलं की त्याच्यासाठी जेवलेलं ताटही मी नाकारू शकतो, हे मला माहीत नव्हतं. पुरवणीत दुरुस्ती छापून यायला वेळ लागणार नाही. पण ते वाक्य जिथे ओरडून वाचलं गेलं होतं, तिथे दुरुस्ती कुणी ओरडून वाचणार नाही. म्हणून आज निघण्याआधी दुपारी काय झालं, ते आता सांगतो.

जेवणाची सुट्टी झाली तशी बाकडी भरली. केसांत, भुवयांत कापडाचा पांढरा भुगा घेऊन माणसं येत होती. भानुदास माझ्यासमोर बसला. गोल चेहऱ्याचा, तिशीचा. "तुमीच का ते पेपरवाले? मावशीचे भाऊ म्हंजे आमचे मामाच की हो," तो म्हणाला, पण हसला नाही. आक्काने ताट ठेवलं. खोबरं आणि कांदा विस्तवावर काळे करून वाटलेला मसाला, वर लाल तर्री, आणि तिने वाटीत जाडी शेव टाकली ती माझ्या डोळ्यांसमोर. दाजींच्या हातची कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडदाची, कडेला किंचित करपलेली. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. तिखटाने आलं, असं म्हणायची सोय होती.

"आक्का," मी म्हणालो, "चुकलं माझं."

"काय?" तिने कानाला हात लावला.

"काय म्हनस तो?" दाजींनी आतून विचारलं.

"मामा, इथं हळू बोलल्यालं भितीलाबी ऐकू येत न्हाई," भानुदास म्हणाला. "मी वाचलं तवा सगळ्यांनी ऐकलंय. बोलायचं तर तसं बोला."

मी बाकडं मागे सारून उभा राहिलो. हातात अजून भाकरीचा तुकडा होता. आक्का गल्ल्यापाशी, दाजी चुलीपुढून वळून माझ्या ओठांकडे बघणारे, आणि मधल्या सगळ्या माणसांचे हात ताटात थांबलेले. जळगावात राहायला गेल्यापासून मी चारचौघांत अहिराणी बोललो नव्हतो. मी भिंतीपलीकडच्या मागांच्या वर आवाज चढवला.

"आक्का! मी खोटं लिखं! तुना हातनी शेवभाजी दोन दिन खाधी, आन् लिखी दिधं का सुरतमा काही मिळनं नही. माले तुना पत्राना छपरानी लाज वाटनी. मनं चुकनं, आक्का. तुमना सगळासना समोर सांगस, मनं चुकनं!"