हातानं फिरवायची लेन्स

औशाच्या बसस्टँडसमोर एका म्हाताऱ्या फोटोग्राफरांचा स्टुडिओ आहे. कॅमेरा नवा, डिजिटल. पण त्यावर रिळाच्या जमान्यातली लेन्स. तिचा फोकस हातानंच जुळवावा लागतो. "नवी लेन्स तिच्याच मनानं बघती," म्हणतात. एक डोळा मिटून ते रिंग फिरवत बसतात, तोवर नवरीचं हसू मावळतं. म्हणून लग्नाला त्यांना आता कुणी बोलवत नाही. मयताला बोलावतात.

माझे वडील गेले तेव्हा तेच आले. "हलू नका," सवयीनं वडिलांनाच म्हणाले. फोटो लख्ख आला.

शेजारी आई रडत होती. मी म्हटलं, "आईचाही एक काढा."

त्यांनी बराच वेळ रिंग फिरवली, मग कॅमेरा खाली घेतला.

"माय लई हलायल्यात. त्यांचा नंतर काढू."