हार्दिक एकदाच

आमच्या साडूंइतका दुबार गोष्टींचा दुस्वास करणारा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर साडू त्यालाही काढून टाकतील, कारण मग ते दोन होतील. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यातले कॉम्प्युटर सांभाळायची त्यांची नोकरी. घरात गाळणी एक, कॅलेंडर एक, कात्री एक. ‘परत रिटर्न’ म्हणणाऱ्या कंडक्टरशी ते एकदा थेट बार्शीपर्यंत वाद घालत आले होते. माझ्या मुलीच्या लग्नात निवेदकानं ‘हार्दिक हार्दिक स्वागत’ म्हटल्याबरोबर हे गृहस्थ पंगतीतून उठले, उष्ट्या हातानं माइकपाशी गेले आणि म्हणाले, “हार्दिक एकदाच. पुरतं तेवढं.” व्याही अजून त्यावरून मला टोमणे मारतात. मी शाळेत मराठी शिकवतो आणि एकेक धडा तीनतीनदा वाचतो. त्यावर यांचं म्हणणं, “दाजी, धडा एकदाच नीट लिहून ठेवा आणि लागेल तेव्हा पोरांना तिकडं पाठवा की.”

फावल्या वेळात त्यांचा जीव कर्नलमध्ये. कर्नल म्हणजे पलटणीतला नव्हे. कॉम्प्युटरमध्ये सगळ्या प्रोग्रामांच्या खाली बसून कारभार बघणारा मूळ प्रोग्राम. हा जगभरची माणसं मिळून लिहितात, आणि त्यात आपल्या हातची निदान एक दुरुस्ती असावी, ही साडूंची बारा वर्षांची इच्छा. इच्छाही अर्थात एकच. या कर्नलमध्ये गळती शोधणारा एक विभाग असतो म्हणे. लग्नघरी शेजारपाजारची पातेली आणावीत आणि मग कुणाचं कुठलं हे कुणाच्याच ध्यानात राहू नये, तसे प्रोग्राम मेमरी मागून घेतात आणि विसरतात. ती बेवारस मेमरी हुडकायची, हे या विभागाचं काम. तिथं साडूंना त्याच त्या ओळी दोन ठिकाणी लिहिलेल्या दिसल्या. माणसाला अन्न गोड लागेना. त्यांनी दोन्हीकडच्या उचलून एकाच जागी ठेवल्या आणि दुरुस्ती पाठवून दिली.

तिकडून तीन ओळींचं उत्तर आलं. यांच्या दुरुस्तीनं मशीन जागच्या जागी अडकतं. त्या दोन जागा दिसायला सारख्या आहेत, पण सारख्या नाहीत. साडू असे खचले की एका बारशात ‘हार्दिक हार्दिक’ कानावर पडूनही गप बसून राहिले. मग मात्र माझी मेहुणी घाबरली आणि तिनं मला फोन केला.

रविवारी गेलो. दारात साडूंच्या आई, अव्वा. अव्वा मूळच्या वळसंगच्या, घरात कानडी. आम्ही बार्शीचे, आम्हाला कानडीचं अक्षर कळत नाही. त्यामुळं अव्वा सगळं दोनदा बोलायच्या. “बर्री. या, मास्तर.” “ऊट माड्री. जेवा.” ज्या माणसाला दोन गाळण्या सोसत नाहीत, त्याच्या आईची ही तऱ्हा. त्या दिवशी साडू ताटावरच चिडले. “अव्वा, एकच गोष्ट दोनदा कशाला सांगतीस?”

अव्वा भाकरी वाढत म्हणाल्या, “एकच कुटं हाय? कानडी तुमास्नी, मराठी मास्तरास्नी. ऐकनारा येगळा हाय की.”

साडूंचा घास हातातच राहिला. “दाजी,” ते म्हणाले, “ओळी त्याच आहेत. बोलावणारा वेगळा आहे.”

जेवण झाल्यावर त्यांनी मला समजावलं. एकीकडून त्या ओळींना बोलावणारा प्रोग्राम, मध्येच दुसरं कुणी शिरू नये म्हणून, दाराला कडी लावूनच यायचा, दुसरीकडून येणारा तशीच उघडी ठेवून. यांनी मात्र त्या एकत्र केलेल्या ओळींतच कडी घालून टाकली होती. पहिल्याच्या बाबतीत कडीवर कडी बसली आणि मशीन अडकलं. म्हणजे दुबार काढायच्या नादात या गृहस्थांनी स्वतःच दुबार कडी घातली होती. हे मी त्यांना बोलून दाखवलं, सोडतो की काय. त्यांनी ओळी एकाच जागी ठेवल्या, कडी ज्याची त्याच्याकडं सोपवली आणि दुरुस्ती पुन्हा पाठवली.

पुढच्या रविवारी मी परत त्यांच्याकडं गेलो होतो, तेव्हा भर दुपारी उत्तर आलं. ‘छान. घेतलं.’ इतकंच. साडूंनी उभ्या गल्लीला पेढे वाटले आणि आनंदाच्या भरात समोरच्या घरी दोनदा देऊन आले. “सव्वीस ओळी गेल्या, नऊ आल्या,” भेटेल त्याला सांगत होते. जगातल्या कुठल्या कुठल्या मशीनमध्ये आता आमच्या साडूंच्या नऊ ओळी बसणार होत्या. माझी छाती अशी फुगली की दुसऱ्या दिवशी वर्गात ही गोष्ट मी तीनदा सांगितली. अव्वांना साडूंनी त्याच दुपारी कानडीत सांगितलं होतं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं, मग माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, माज्या लेकाचं जगानं घेतलं बघा.” मी तिथंच होतो, मला सगळं ठाऊक होतं, तरी ते मराठीत त्यांच्याकडून ऐकायला लई बरं वाटलं.

अव्वांना जाऊन आता वर्ष होईल. परवा गेलो तर दार साडूंनीच उघडलं. “बर्री,” म्हणाले आणि मागून अव्वांचं मराठी येईल अशा सवयीनं थांबले. मग त्यांनीच हळू आवाजात म्हटलं, “या, दाजी.” मी चपला काढल्या आणि आत गेलो.